नानांचा सायलेन्स

धुळ्याच्या आमच्या वाचनालयातल्या शिपाईनानांना इंग्रजीतला एकच शब्द यायचा आणि तो त्यांना सगळीकडे पुरायचा. कुजबुजणाऱ्याला 'सायलेन्स' म्हणजे गप्प बसा, घोरणाऱ्याला उठा, आणि दुपारी कळण्याच्या भाकरीचा डबा उघडून हळूच म्हटलेला 'सायलेन्स' म्हणजे या जेवायला. त्यांच्या धाकाने मी बी.ए.चा अभ्यास श्वास रोखून केला.

निकालाच्या दिवशी मैत्रीण तिथेच धापा टाकत आली आणि कानात म्हणाली, "पास झालीस!" सवयीने मी ओठ घट्ट मिटले. पण कुजबुज नानांच्या कानातून कधी सुटायची नाही.

"पास हुयनी ना वं माय? मंग आरोई मार ना!"

मी तोंडावर हात धरून नुसती हसले. मग नानांनीच अशी आरोळी ठोकली, की पेपर वाचणारे सगळे आजोबा गरजले, "सायलेन्स!"

नाना म्हणाले, "आज त्याले सुट्टी शे!"