चित्रात न आलेला जवळा

दुसरीच्या वर्गासाठी मी हाताने केलेल्या पुस्तकाला तेरा पाने आहेत. मूळची बारा होती.

मी ते केले त्या वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे वडील आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर कामाला होते. पहिल्याच दिवशी तिच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितले, की मुलीला कोळंबी, खेकडा, शेवंड यांतले काहीही चालत नाही. आधी ओठ सुजतात, मग श्वास अडकतो. डॉक्टर याला अ‍ॅलर्जी म्हणतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी तिने माझ्या टेबलाच्या खणात स्वतःच्या हाताने ठेवली.

"सगळ्यांबरोबर पंगतीत बसली तर चालेल ना, बाई? आधीच्या शाळेत हिला वेगळं बसवायचे."

मी म्हटले, चालेल.

आमच्या शाळेत दुपारी खिचडी मिळते आणि तोंडीलावणे मुले घरून आणतात. आणलेले शेजाऱ्याला दिल्याशिवाय खायचे नाही, हा नियम मीच घातलेला होता. तो मोडण्याऐवजी मुलांना समजावून सांगावे, असे मला वाटले. या विषयावरची दोन चित्रपुस्तके मी शहरातून मागवली. त्यांत वाढदिवसाचे केक होते आणि शेंगदाण्याचे लोणी होते. आमच्या खाडीकाठच्या मुलांना त्यातून काही बोध झाला नसता. म्हणून जाड कागद कापून मी स्वतःच पुस्तक केले. कोळंबी, खेकडा, शेवंड ही चित्रे जाळ्यातून काढल्यासारखी हुबेहूब काढली आणि खाली लिहिले, 'ज्याला मिशा, ते हिला नको.'

गावातल्या एका नाखव्याची, म्हणजे होडीमालकाची, मुलगी त्या नव्या मुलीच्या शेजारी बसत असे. तिने लगेच हात वर केला.

"बाई, चिंबोरीला कुठं मिशा? तिला नांग्या हायत."

वर्ग हसला. खेकड्यासाठी मी 'नांग्या' हा शब्द वाढवला. शेवटच्या पानावर लिहिले, 'शंका आली, तर बाईंना विचारा.' दर शनिवारी आम्ही ते पुस्तक मोठ्याने वाचत असू. दिवाळीपर्यंत ते सर्वांना पाठ झाले.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मुले जेवायला बसली होती आणि मी वह्या तपासत होते. नाखव्याची मुलगी डबा घेऊन माझ्यापाशी आली. डब्यात भाकरी होती आणि तांबूस, कोरडी चटणी होती. पुस्तकात सांगितले होते तसे ती विचारायला आली होती.

"बाई, याच्यात मिशा न्हाय ना?"

मी डब्यात पाहिले. मिशा नव्हत्या, नांग्या नव्हत्या, डोळे नव्हते. मी म्हटले, "नाहीत."

ती चटणी जवळ्याची होती. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबीच. ती वाळवून, भाजून, लसूण-मिरचीबरोबर कुटली, की तिचा आकार राहत नाही. राहतो तो वास. आमच्या गावात मात्र तो घरांना, कपड्यांना, डब्यांच्या झाकणांना इतका लागलेला असतो, की कोणाला जाणवत नाही. शिवाय आमच्याकडे जवळ्याला कोणी कोळंबी म्हणत नाही. मीही कधी म्हटले नव्हते.

पुढचे सर्व क्रमाने आठवते. नियमाप्रमाणे चटणी शेजारी दिली गेली. नव्या मुलीचे ओठ सुजले. मी गोळी दिली. रिक्षा आली. दवाखान्यात इंजेक्शन दिले आणि काही वेळाने तिचा श्वास मोकळा झाला. तिची आई आली, तिने मुलीचे पाय पदराने पुसले. मी शाळेत परतले आणि उरलेल्या वह्या तपासल्या. रडू आले नाही. एकाही वहीत चूक सुटली नव्हती, एवढे लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी नाखव्याची मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"तुम्हीच न्हाय म्हणालात, बाई."

"हो. चूक माझी होती. तुझी नव्हती."

तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.

नवी मुलगी त्यानंतर जेवायला घरी जाऊ लागली. मी पुस्तकाला एक पान जोडले. त्यावर ओळीने चार चित्रे आहेत: पाण्यातला जवळा, वाळत घातलेला जवळा, खलबत्ता आणि तांबूस भुकटी. भुकटीचे चित्र काढायला सर्वांत कमी वेळ लागला. शेवटच्या पानावरची ओळ खोडून मी लिहिले, 'ज्यांनी रांधले, त्यांना विचारा.' खोडलेली ओळ खाली दिसते. ती तशीच राहू दिली. मग पुस्तक तिच्या आईकडे पाठवले. ते पंधरा दिवस परत आले नाही.

एका सोमवारी मुलगी पुस्तक आणि स्वतःचा डबा घेऊन आली आणि पंगतीच्या टोकाला बसली. नाखव्याची मुलगी उठून तिच्या शेजारी गेली. आपला डबा उघडण्याआधी तिने घरी आईकडून पाठ करून घेतलेले म्हणून दाखवले: वाल, कांदा, खोबरे, हळद, मीठ, मसाला, आणि तवा धुतलेला.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. डबा पुढे सरकवला.