यादीतलं पहिलं नाव

त्या सकाळी नऊ वाजून गेले तरी म्हात्रेदादा जागेवर नव्हते, म्हणून मी फोन लावला. उचलला त्यांच्या मुलीने. "ताई, पप्पा पहाटे वारले," ती म्हणाली. आणि मी तिला विचारलं, "मग आज येणार नाहीत का?"... दीड महिना झाला, त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही. पण खरं कसं वाटावं? आदल्या दुपारीच तर माझ्या डब्यातलं थालीपीठ खाऊन म्हणाले होते, "तुमच्या साताऱ्यात मीठ मिलत नाय का गं? आमची मिठागरं होती, गोनीच दिली असती."

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात कामगारांच्या पाळ्यांची यादी एक्सेलमध्ये असते आणि बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलाच छोटा प्रोग्राम, ती छापतो. तो मॅक्रो दादांनी बनवलेला. शिरवण्याचा हा दहावी पास माणूस सगळं स्वतःच धडपडून शिकला होता. नवीन नाव घालताना मी चुकून यादीच्या वर रिकामे सेल घुसवायचे. सगळी यादी खाली सरकायची, ठरलेल्या सेलमध्ये मॅक्रोला नावच सापडायचं नाही, आणि एरर! "वर सेल नको घुसवू, मधे आख्खी रो घाल! कवा शिकशील?" दादा ओरडायचे. "तुम्ही आहात ना," मी म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. शेवटी वैतागून त्यांनी मॅक्रोच बदलला. ठरलेल्या सेलपासून सुरुवात करण्याऐवजी तो यादीतलं पहिलं नाव शोधायचा आणि तिथून पुढे वाचायचा. सगळ्यांत जुने म्हणून पहिलं नाव त्यांचंच, आणि मॅक्रोतही तेच लिहिलेलं. मला शेजारी बसवून त्यांनी ती ओळ दाखवली. मी म्हटलं, "आणि तुमचं नाव हललं तर?" "माजा नाव कुठं जानार हाय?" असं म्हणून हसले.

तेराव्यानंतर वरून सांगणं आलं, त्यांचं नाव काढा. मी आख्खी रो काढली, अगदी त्यांनी शिकवलं तशी. बटण दाबलं... एरर. हात आपोआप फोनकडे गेला, त्यांचा नंबर काढलासुद्धा. मग कळलं. सगळ्या ऑफिससमोर हमसून हमसून रडले आणि ती रो परत आणली.

दुरुस्ती मला येते. मॅक्रोतल्या त्या ओळीत एका नावाच्या जागी दुसरं नाव घालायचं, दोन मिनिटांचं काम. साहेब विचारतात, मी "टेन्शन नका घेऊ, करते" म्हणते आणि करत नाही. गेटवर रोज यादी लागते, सगळ्यांत वर हरेश्वर म्हात्रे. पाळीचा रकाना रिकामा सोडला तर मॅक्रो पुन्हा अडतो. म्हणून रोज सकाळी मी त्यांच्या नावापुढे 'रजा' लिहिते.