आठ मीटरवरचा शिक्रा

नाना गेल्याचा निरोप बोदवडला आला तेव्हा मी कचेरीत कालव्याचा नकाशा पसरून बसलो होतो. शिपायाने दारातूनच सांगितलं, "साहेब, अमळनेरहून फोन होता. तुमचे ते फोटोवाले नाना... गेले म्हणे." मी मान डोलावली आणि वहीत पुढचे दोन आकडे लिहिले. दोन्ही चुकीचे होते, हे चार दिवसांनी कळलं. मिळेल ती गाडी धरून, भुसावळला ताटकळून अमळनेरला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. स्टुडिओचं शटर अर्धं ओढलेलं होतं. वाकून आत शिरलो आणि सवयीने खिशातल्या किल्ल्या, काडेपेटी, पेन असं सगळं काढून काउंटरवरच्या इनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवलं. मग भान आलं की आज आपल्याला कुठे जायचं नाही...

हिलाल नाना म्हणजे अमळनेरचे लग्नातले फोटोग्राफर. पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप, साखरपुडे, बारशी यांवर त्यांचं घर चालायचं. जीव मात्र आकाशात टांगलेला. त्यातही गरुडबिरुड त्यांना नको असायचे. "तो मोठा मानूस शे. सावकाश उडस. त्यान्हा फोटो कोनी बी काढी," म्हणायचे. त्यांना हवे असायचे ते छोटे शिकारी पक्षी, आणि त्यांत पहिला शिक्रा. जेमतेम कबुतराएवढा. राखी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेघा, नराचा डोळा लालभडक. तो बसलेला असताना कोणीही त्याचा फोटो काढेल. नानांना तो उडताना हवा होता, पंख पूर्ण उघडे आणि डोळ्यात धार असलेला. तो फांदीवरून निघाला म्हणेपर्यंत पलीकडच्या बांधावर पोचलेला असतो. नानांकडे जुनी, हाताने फोकस करायची लांब लेन्स होती. तीन उन्हाळे त्यांनी रोलमागून रोल संपवले. त्यांत शेपट्या होत्या, अर्धे पंख होते आणि बरंचसं कोरं आकाश होतं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती पिंपळनेरला. तेव्हा मी पाटबंधारे खात्याच्या तिथल्या कचेरीत होतो. कालव्याच्या कामाचे फोटो काढायला खात्याने नानांना बोलावलं होतं. काम सोडून ते वर बघत उभे होते. मी सहज म्हणालो, "ती घार ऐंशी मीटरवर आहे." नाना माझ्याकडे असे वळले की जणू मी त्यांना गुप्तधनाची जागा सांगितली. सबंध आयुष्य जमीन मोजण्यात गेल्यामुळे नजरेने अंतर सांगायची मला खोड होती. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. पक्षी निघाला की मी अंतर पुकारायचं, "चाळीस... तीस... वीस...", आणि त्या आवाजावर नानांनी लेन्सची कडी फिरवायची. माझं चुकलं की शिव्या खायच्या आणि त्यांचं चुकलं तरी मीच खायच्या. ते मला भाऊ म्हणत, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे असूनही. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर खायला न चुकता येत आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना माझ्या आईची माफी मागत.

नानांचे दोन नियम होते. काढलेला फोटो कापायचा नाही. चौकटीत जे आलं ते आलं. लग्नातल्या फोटोत कडेला कोणाचा तरी खरकटा हात आला तर तो हातही गिऱ्हाइकाला मिळायचा, वर बोलणीही. दुसरा नियम पक्ष्याला आमिष न दाखवण्याचा. उंदीर बांधून ससाण्याचे फोटो काढणारा कोणी एकदा त्यांना धुळ्यात भेटला होता. त्याच्याबद्दल बोलतानाही त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "त्यान्हा मनले वाटी तवय तो ई. आपन बोलावनार कोन?"

चौथ्या उन्हाळ्याच्या तोंडावर नाना धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेट माझ्याकडे पिंपळनेरला आले. काचबिंदू होता. उजवा डोळा कडेने विझत चालला होता, गेलेलं परत येणार नव्हतं. एसटीतून उतरताना त्यांचा पायरीचा अंदाज चुकला आणि मी दंड धरला, तर त्यांनी तो झटकून सोडवून घेतला. चहा पिताना एवढंच म्हणाले, "हाऊ उन्हाळा शे, भाऊ. पुढलाना भरोसा नही." लग्नाचे फोटो त्यांनी डाव्या डोळ्यावर निभावले असते. शिक्रा निभला नसता. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

नाल्याच्या काठी वाळक्या बाभळीचं एक खोड होतं. तिथे एक शिक्रा सकाळी येऊन बसायचा, कधी यायचा कधी नाही. आम्ही बारदानाचा आडोसा बांधला. टेप लावून मोजलं, बरोबर आठ मीटर. नानांनी फोकस आठ मीटरवर बांधून ठेवला. पाच दिवस आम्ही पहाटेपासून त्या बारदानात घामाने भिजत बसलो. शिक्रा यायचा, पण कधी मागच्या फांदीवर, कधी पलीकडच्या बांधावर. आठ मीटरवर एकदाही नाही. पाचव्या दिवशी नानांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला, पुन्हा काढला... मी तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं.

त्या संध्याकाळी कचेरीच्या कुंपणावर मी एक सरडा पकडला आणि भोकं पाडलेल्या डब्यात ठेवला. आमच्या घरी सकाळी पंचशील म्हणतात. सहाव्या दिवशी मी ते न म्हणताच बाहेर पडलो. नानांच्या अर्धा तास आधी नाल्यावर पोचलो, गोधडी शिवायचा पांढरा दोरा दुहेरी करून चिखलात घोळला आणि सरडा त्या खोडाला बांधला. मग मागे फिरलो आणि नाना येऊन बसल्यावर, आत्ताच आल्यासारखा, बारदानात त्यांच्या शेजारी बसलो.

ऊन वर आलं. सरडा हलला. चिखल वाळून दोऱ्यावरून गळायला लागला, तो मला आठ मीटरवरून दिसत होता. नानांना दिसत असेल का, म्हणून मी चोरून त्यांच्याकडे बघितलं. एकदा वाटलं सांगून टाकावं, उठून दोरा तोडावा. तेवढ्यात नाना पुटपुटले, "ऊना..." शिक्रा खोडावर आदळला, सरडा पंजात धरला आणि वर निघाला. दोरा ताणला. पक्षी हवेत हिसका बसून थांबला, दोन्ही पंख पूर्ण उघडे, चोच वासलेली. कॅमेरा वाजला. दोरा तुटला. शिक्रा नाल्यापलीकडे गेला तेव्हा त्याच्या पायामागून वीतभर पांढरा दोरा लोंबत होता.

नाना कॅमेऱ्यावर तसेच वाकलेले होते. तिथूनच म्हणाले, "त्यान्हा पायमा काय अडकनं रे भाऊ?"

"काही नाही नाना. सरड्याची शेपटी."

नानांशी मी तेवढंच एकदा खोटं बोललो. तो दोरा एखाद्या काट्यात अडकला तर पक्षी उलटा लटकून मरणार, हे मला माहीत होतं. पुढचे आठ दिवस मी कचेरी सुटली की नाल्यावरची झाडं वर बघत फिरत होतो. शिक्रा दिसला नाही. मेलेलाही दिसला नाही. आठव्या दिवशी अमळनेरहून कार्ड आलं: "फोटो ऊना. ये."

गेलो. आतल्या खोलीत, काळ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, काचेखाली शिक्रा होता. असा फोटो मी आजवर पाहिलेला नाही. पंखाचं पीसन् पीस मोजावं. मी फोटोकडे बघत होतो आणि नाना माझ्याकडे. "कसा शे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सुंदर." ते "हं" म्हणाले आणि चहा सांगायला गेले. पुढे जो तो येऊन म्हणायचा, काय झेप आहे! तो हिसका होता, हे फक्त मला माहीत आहे, असं मी समजत होतो. लोक म्हणत, नाना, स्पर्धेला पाठवा, मुंबईत लावा. नाना म्हणत, "राहू द्या." मला तो त्यांचा विनय वाटायचा. एवढं मूर्ख असायला शिक्षण लागतं.

तेव्हापासूनच तो ट्रे काउंटरवर आला. फोटो धुवायचा जुना, कोपऱ्याला टवका उडालेला ट्रे. बाहेर निघालो की नाना म्हणायचे, "खिसा रिकामा कर, भाऊ. बठ्ठं काढ." किल्ल्या वाजतात, पक्षी उडतो, असं कारण सांगायचे. मीही मुकाट सगळं काढून ठेवायचो. पुढच्या उन्हाळ्यात ते पिंपळनेरला चार दिवसांसाठी म्हणून आले, पण कॅमेरा आणला नव्हता. "नुसतं देखू," म्हणाले. दुसऱ्या सकाळी त्या खोडावर शिक्रा आला. दुर्बीण माझ्या हातात होती. मी नानांना कळू न देता त्याचे पाय बघितले, आधी एक मग दुसरा. पिवळे, मोकळे. तोच पक्षी होता की दुसरा, देव जाणे. नानांनी हलक्या आवाजात विचारलं, "ठीक शे ना रे तो?" मी म्हणालो, "ठीक आहे, नाना." त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "चाल, चहा पिऊ." चार दिवसांसाठी आलेला माणूस त्याच दुपारच्या एसटीने परत गेला. असं काय केलं, म्हणून मी त्यांच्यावर रागावलो होतो.

नाना गेल्यानंतर महिन्याभराने पुन्हा अमळनेरला गेलो. स्टुडिओची जागा सोडायची होती. वहिनींनी भिंतीवरचा शिक्रा उतरवून पुसला आणि माझ्या हातात दिला. "हाऊ तुम्हीच लई जा, भाऊ. आठे आते कोन देखी?" गाडीच्या गर्दीत काच तडकली. घरी येऊन ती बदलायला चौकट उघडली, तर काळा पुठ्ठा हातात आला. खाली दोन बोटं फोटो अजून होता. तिथे खोडाचा बुंधा होता, बुंध्याला गाठ होती, आणि गाठीपासून पंजापर्यंत ताणलेला पांढरा दोरा, पिसांइतकाच स्पष्ट.

नानांनी फोटो कापला नव्हता. नियम त्यांनी माझ्यासाठीही मोडला नाही, फक्त दोरा झाकला. बारा वर्षं त्यांनी एक शब्द काढला नाही, फक्त माझे खिसे रिकामे करवून घेतले, आणि मी बारा वर्षं त्यांच्या घरी जेवत राहिलो. त्यांनी मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती, असं आता वाटतं. मागे काही लिहिलं असेल म्हणून फोटो उलटून पाहिला. कोरा होता... त्या संध्याकाळी मी रडलो, नाना गेले त्या दिवशी रडलो नव्हतो तेवढा.

नवी काच बसवली. काळा पुठ्ठा पुन्हा लावला नाही. फोटो आता आमच्या पुढच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल असा आहे. येणारा आधी पंखांकडे बघतो, मग डोळ्याकडे, आणि मग त्याची नजर खाली जाते. "हा दोरा कसला हो?"

"माझा," मी म्हणतो. मग त्याला बसायला सांगतो.