ताई-सानचं मधलं नाव

“यांच्यात मधलं नाव नवऱ्याचं असतं ना?”

टेबलापलीकडची बाई शेजारच्या साहेबांना जपानीत हळूच विचारत होती. ओसाकाजवळच्या आमच्या गावाची नगरपालिका, तिसरा मजला, एक छोटी बंद खोली. ताई-सान आणि मिहो-सान त्या सकाळी एकमेकींच्या जोडीदार म्हणून नाव नोंदवायला आल्या होत्या. मिहो-सान कसल्याशा कागदाची प्रत काढायला खाली गेली होती. ताई-सान समोरच्या दोघांकडे बघून प्रसन्न हसत होती, कारण तिला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. कळलं होतं ते फक्त मला.

दहा वर्षं जपानात राहून ताई-सान जपानी शिकली नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. ऑफिसातलं तिचं काम इंग्रजीत चालायचं. बाहेर ती सरळ मराठी बोलायची. भाजीवाल्या आजोबांना “अहो, ही पालेभाजी कालची दिसतेय, आतली काढा,” असं म्हणून शेवटी मान लववून विनंतीचं एक ‘ओनेगाई’ जोडायची. आजोबा आतली काढायचे. स्टेशनवरच्या माणसाला तिने एकदा “माझी छत्री गेली हो, निळी, दांडा मोडका,” असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आली. “अगं, निम्मं तर तोंडावरच दिसतं माणसाच्या,” असं तिचं म्हणणं.

माझं उलटं. जपानीची सगळ्यात वरची परीक्षा देऊन मी तिच्याच कंपनीत लागले, आणि मीटिंगमध्ये ‘हो’च्या पलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मराठीतही तीच गत. इंग्रजी शाळेतली मी. ‘मी बोलली’ म्हणाले की ताई-सान पोळी लाटता लाटता, मान वर न करता ‘बोलले’ म्हणायची. “आणि ते जपानी लॉकरमध्ये ठेवलंयस का गं? सणावाराला तरी काढून घाल.”

ताई-सान हे नाव माझ्यामुळे पडलं. तिचं खरं नाव वैशाली शेलार. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर तिला ‘ताई’ म्हटलं. नव्यानेच आलेल्या विभागप्रमुखांना ते आडनाव वाटलं आणि त्यांनी आदराने ‘सान’ जोडलं. आठवड्याभरात पुण्यामुंबईची मंडळीसुद्धा तसंच म्हणायला लागली. ती हसायची. मला मात्र पुढे त्या शब्दाचा फार राग आला. एका शब्दात मी तिला माझी बहीण करून ठेवलं होतं, आणि मला बहीण नको होती. हे वाक्य आज लिहिता येतं. तेव्हा मनातल्या मनातही धड म्हणता येत नव्हतं.

रविवारी मी तिच्याकडे जेवायला असायची. लोखंडी कढईत ती पिठलं करायची आणि तळाची खरपुडी उलथन्याने खरवडून माझ्या ताटात टाकायची. “खरपुडी गप्प बसणाऱ्याला. त्याला मागता येत नाही ना.” त्या खरपुडीवर मी आठवडा काढायची.

मग मिहो-सान आली. ती ताई-सानच्या वरच्या मजल्यावर राहायची, गावच्या वाचनालयात कामाला होती. ताई-सानने तेलाचा डबा भलत्याच वारी कचऱ्यात ठेवला होता, तो हातात घेऊन ती तक्रार करायला दारात उभी राहिली. आली ती भांडायला आणि गेली जेवून. पुढच्या रविवारी ती पुन्हा होती, आणि त्याच्या पुढच्याही. पोळीचा तुकडा ती चॉपस्टिक्सने उचलायची आणि ताई-सान ते कौतुकाने बघत राहायची. मी हाताने नीट जेवत होते. त्याचं कौतुक कोण करणार? एका रविवारी खरपुडी तिच्या ताटात पडली. ताई-सानला मी तिथे असल्याचं आठवलं, तिने अर्धी मोडून मला दिली. मी म्हणाले, भूक नाही.

सगळं जग तिला ताई-सान म्हणत होतं आणि मिहो-सान ‘वै-चान’ म्हणायची. लाडाने, लहान मुलाला हाक मारावी तसं. त्या हाकेला ताई-सान स्वयंपाकघरातून ओ द्यायची तेव्हा तिचा आवाज वेगळा असायचा. मी घरी येऊन ‘वै’ एवढंच म्हणून बघितलं. जमलं नाही.

“मिहोचं सोमवारी ऑपरेशन आहे,” तिने एक दिवस ऑफिसातच सांगितलं. “गाठ साधी आहे म्हणतात. पण सहीला आणि आत थांबायला घरचंच माणूस हवं. आणि मी कोण, तर खालच्या मजल्यावरची बाई. नगरपालिकेत नोंद असली तर चालेल म्हणाले.” मग माझा चेहरा बघून, “लग्न नाही गं हे. आम्ही दोघी एकत्र आहोत, एवढं कागदावर.” अविवाहित असल्याचा वकिलातीचा दाखला इंग्रजीत होता. त्याचं जपानी करून शुक्रवारी सोबत येशील का, असं तिने विचारलं. “तुझ्याशिवाय कुणाला सांगू मी?” हे वाक्य तिने मला म्हणावं म्हणून मी तीन वर्षं थांबले होते. आलं ते या कामासाठी.

ठाण्याला वडिलांना तिने फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग विचारलं, “नाव माझंच लावणार ना?” ही हो म्हणाली. “मग झालं तर.” हे सांगताना तिने चष्मा काढून पुसला आणि लगेच मला चहा करायला पाठवलं.

दाखल्याचं भाषांतर मी एका बैठकीत केलं. नाव लिहिलं: वैशाली बाळकृष्ण शेलार. त्याखाली मूळ कागदावर ‘बाळकृष्ण शेलार यांची कन्या’ अशी ओळ होती. ती मी गाळली. मधलं नाव वडिलांचं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, म्हणून राहून गेली असेल, असं मी स्वतःला सांगत आले आहे. एरवी भाषांतरात मी स्वल्पविरामही सोडत नाही.

ताई-सान दूर उत्तरेकडे, सेंदाई शहरात राहायला गेली त्याला आता वर्ष होईल. निघताना तिने ती लोखंडी कढई वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. “आता तुझी तूच खरवड. आणि हवं ते मागत जा, काय?” मला पिठलं तिच्यासारखं येत नाही. कढई मात्र मी तेल लावून ठेवते.

त्या शुक्रवारी साहेबांनी दाखल्याचं भाषांतर दोनदा वाचलं. “दाखल्यात अविवाहित आणि नावात नवरा? मग लग्न झालेलं असावं,” ते बाईंना म्हणाले. “वकिलातीकडून खुलासा मागवू. पुढच्या महिन्यातली तारीख देता येईल.” बाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, “हे बाळकृष्ण कोण?”

“काय म्हणतायत गं?” ताई-सान म्हणाली.

‘विचारून सांगते’ म्हटलं की या देशात कुणी घाई करत नाही. खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात धरणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. सोमवारी ताई-सान हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसली असती, आणि शेजारी मी.

दार उघडलं. मिहो-सान धापा टाकत आत आली. ताई-सानने तिच्याकडे बघितलंही नाही. समोरच्यांकडे तशीच हसत राहून, हात लांब करून तिने तिच्यासाठी शेजारची खुर्ची मागे ओढली. घरात कुणी जेवायला आलं की पाट सरकवावा, तशी.

“बाळकृष्ण हे वैशालीच्या वडिलांचं नाव आहे,” मी जपानीत म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की साहेबांनी पेन खाली ठेवलं. “भाषांतरात ती ओळ माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे. तिचं लग्न झालेलं नाही. आणि आज सही केल्यावरही हे नाव तेच राहील.”