माहेरचं मडकं

वडिलांच्या उजव्या भुवईवर एक व्रण होता. तो माझ्या दगडाचा. दगड कऱ्हेच्या पात्रातला होता आणि माझा नेम चांगला होता. कुणी विचारलं की ते म्हणायचे, बैलानं शिंग मारलं. तो बैल मी.

आमची आत्या मुरळी. आजोबांचे मुलगे जगत नव्हते, म्हणून त्यांनी खंडोबाला नवस केला की एक मुलगा जगू दे, थोरली पोर तुला देतो. वडील जन्मले आणि जगले. आत्याचं दुधाचे दात पडायच्या वयात जेजुरीला देवाशी लग्न लागलं. देवाला दिलेल्या पोरीला सासर नसतं. ती बापाच्या घरी राहते आणि बापाचा मुलगा समजली जाते, तसा रिवाजच होता. जागरणात ती रात्रभर गायची, लोक तिच्या पाया पडायचे आणि त्यातलेच काही पहाटे पदर ओढायचे. एकाचे दोन दात तिनं हातात वाजवायच्या पितळी घाटीनं पाडले होते. हे ती मला हसत सांगायची, मला मात्र कधी हसू आलं नाही.

मुरळी सोडणं गुन्हा ठरलं, ते फार बरं झालं. पण जिला आधीच सोडलं होतं तिच्याकडे आमचं कऱ्हाटी गाव असं बघू लागलं, जणू गुन्हा तिनंच केला होता. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना. आजोबा तेवढे म्हणायचे, माझं मडकं हीच धरणार. तिरडीपुढं विस्तवाचं मडकं जो धरतो तो घरचा मुलगा, आणि वाटाही त्याचा. हे वडिलांच्या घशात अडकलं होतं.

आजोबा गेले तेव्हा मी बारामतीत कॉलेजला होते. मोरगावची एसटी धरून पोचले. आत्या शिंकाळ्यात मडकं घेऊन तिरडीपुढं निघाली, म्हणून बायकांनी जाऊ नये तिथं मीही गेले. नदीकाठी वडिलांच्या चुलत भावानं, माझ्या चुलत्यानं, त्यांना कोपर मारलं. वडील पुढं आले.

"लगीन झालेल्या पोरीनं माहेरचं मडकं धरायचं न्हाय. तुझं सासर जेजुरीला हाय, तिकडं जा."

"तू जगावास म्हणून लावलं ते लगीन," आत्या म्हणाली.

वडिलांनी तिरडीचा उरलेला बांबू उचलला. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर. चुलत्यानं तिचे केस धरले. ओढाताणीत शिंकाळ्याची दोरी तुटली आणि ते रसरसलेलं मडकं आत्यानं उघड्या हातांवर झेललं. फटके पडत राहिले. तिनं ते सोडलं नाही. कातडी जळल्याचा वास आला, आणि आजोबा तर अजून चितेवर चढलेही नव्हते. गाव बघत उभं होतं. मी दगड उचलला.

वडील कपाळ धरून खाली बसले. आत्यानं त्याच विस्तवानं चिता पेटवली. तिची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत, घाटी धरता येईना, जागरणं सुटली. ती शेताच्या बांधावर पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. गरज सरो, वैद्य मरो. भाऊ जगला होता ना.

गेल्या वर्षी वडील गेले. मला भाऊ नाही. मी काटेवाडीहून, सासरहून, पोचले तर अंगणात तोच चुलता मडकं घेऊन आत्यासमोर उभा. म्हणाला, रीत तुझीच हाय, तूच धर.

आत्यानं हात पदराखालून काढलेही नाहीत. "लगीन झालेल्या पोरीनं माहेरचं मडकं धरायचं न्हाय," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलंय."

मडकं खाली धुमसत राहिलं. शेवटी मी उचललं. लग्न तर माझंही झालेलं. मी चुलत्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "चालतंय. आजकाल पोरीबी धरत्यात." त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं, पण हात गुंतले होते.

नदीपर्यंत मी ते दोरीला धरून नेलं. दोरी हातभर लांब होती, तरी धग बोटांना सोसेना. दोनदा हात बदलला.