पाचव्या माळेचा पंचनामा

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, काही वर्षांपूर्वी ऐन नवरात्रात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून एक रोमन सम्राट बेपत्ता झाला होता. वय अंदाजे अठराशे वर्षे, रंग काळपट चांदीचा, आकार जुन्या चार आण्याएवढा, चेहऱ्यावर दाढी, डोक्यावर पानांचा मुकुट. शेवटचा दिसला तेव्हा तो प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत होता. तपास अधिकारी: अस्मादिक.

मी निवृत्त झालो, वर्दी ट्रंकेत गेली. पण लग्नघरात कुठे अडकित्त्याचा कट्ट असा आवाज आला, की ते प्रकरण माझ्यापुढे जसंच्या तसं उभं राहतं.

दुसरी माळ होती. सकाळच्या हजेरीनंतर मी ठाण्यात चहा घेत होतो, तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. आपण त्यांना मॅनेजर म्हणू. त्यांनी टेबलावर रुमाल ठेवला आणि सुतकात असल्यासारखा हळूहळू उलगडला. आत प्लास्टिकचे तुकडे आणि एक छापील चिठ्ठी.

"माझं नाणं चोरीस गेलं आहे," ते म्हणाले. "वजन तीन पूर्णांक एकेचाळीस शतांश ग्रॅम. पुढील बाजूस सम्राट, मागील बाजूस सिंहारूढ स्त्री. सहा वर्षांपूर्वी परदेशी लिलावातून घेतलं. बिल आणि कस्टमचे कागद सोबत जोडले आहेत."

गृहस्थ बोलायचे तेही अर्जासारखंच. बोलीतला एकही शब्द कधी तोंडातून निसटायचा नाही.

डबीचं प्रकरण मी त्यांच्याकडूनच समजून घेतलं. परदेशात एक कंपनी नाणं तपासते, ते अस्सल आहे आणि अमुक दर्जाचं आहे असं चिठ्ठीवर लिहिते, आणि चिठ्ठीसकट नाणं डबीत कायमचं बंद करते. डबी फोडली की प्रमाणपत्र मेलं. मॅनेजरांकडे अशा साठ डब्या होत्या, कपाटात नंबरवार. त्यातली एक जागा रिकामी होती आणि तिचे तुकडे गॅलरीतल्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सापडले होते.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि पत्नी. ती त्या कपाटाच्या वाटेला जात नाही. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. नऊ दिवसांचे उपवास आहेत, उगाच जिवाला घोर."

"बाहेरचं कोणी?"

त्यांनी रुमालाचं टोक सारखं केलं. "रविवारी मास्तर आले होते."

मास्तर म्हणजे बार्शीचे, इतिहास शिकवून निवृत्त झालेले. नाण्यांचा नाद दोघांनाही. वीस वर्षं दर रविवारी बार्शीची एसटी पकडून हा माणूस मित्राकडे यायचा. वाद एकच. मास्तरांचं म्हणणं, नाणं हातात घ्यायचं असतं. मॅनेजरांचं म्हणणं, नाणं जपायचं असतं. मास्तर तर डबीतली नाणी विकत घेऊन घरी डब्या फोडायचे आणि नाणी लाकडी खणांत मोकळी ठेवायचे. गेल्याच रविवारी उठता उठता ते म्हणाले होते, "एक दिवस तुझं कपाट मी मोकळं करणार बघ!"

 मॅनेजरांना नाणं गेल्याचं दुःख होतंच. पण ते मास्तरांनी नेलं असेल, ही शंका त्यांना जास्त टोचत होती.

ठाणे दैनंदिनीत नोंद करून आम्ही घटनास्थळ पाहून आलो. मॅनेजरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, तेव्हा देवळात गेल्या होत्या. कपाटाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली शेजारीच खिळ्याला लटकत होती. माझ्या नोकरीत मी पाहिलेली निम्मी कुलपं अशीच होती.

चौथ्या माळेला आमचे हवालदार खबर घेऊन आले.

"साहेब, मास्तरनं मागल्या आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानातून करवतीची पाती नेल्यात. लई बारीक दातांची. दुकानदारच सांगतुया."

प्लास्टिक कापलेलं आणि पाती नेलेली! हवालदारांच्या चेहऱ्यावर पदक मिळाल्याचा आनंद होता. पाचव्या माळेला सकाळीच मास्तरांना बोलावून घेतलं.

एरवी ठाण्यात आलेला साधा माणूस बाकावर टेकतो तोही निम्माच. मास्तर तसेच बसले होते, मांडीवर कापडी पिशवी धरून. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक शिपाई आमच्याच ठाण्यात होता. तो आला, पाया पडावं की पडू नये या विचारात दारातच अडकला आणि परत गेला. मास्तरांनी ते पाहिलं. मान खाली घातली ती वर केलीच नाही. पोरांना पस्तीस वर्षं शिकवून कमावलेलं नाव त्या बाकावर किती झपाट्यानं झिजत होतं, ते मला दिसत होतं.

"मास्तर, तुम्ही डब्या कशा फोडता?" मी विचारलं.

आणि काय सांगू! मान झटक्यात वर. डोळे चमकले.

"फोडत नाही हो साहेब, उघडतो! डबी टॉवेलात गुंडाळायची, शेगड्यात… म्हणजे त्या सुताराच्या पकडीत हलक्या हातानं धरायची. चारी कडांवर बारीक पात्यानं फक्त रेघ पाडायची. मग एक पीळ द्यायचा, की डबीच्या आपणहून दोन फाका होतात. नाण्याला वारा लागत नाही."

हवालदार माझ्याकडे बघून हसले. आरोपीनं कृतीसकट कबुली दिली होती. मी रुमाल उघडून तुकडे पुढे केले.

मास्तरांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा रागानं लाल झाला.

"हे मी केलं म्हणता? हे? कडा कुरतडल्यात उंदरानं खाल्ल्यासारख्या! साहेब, मला चोर म्हणा एक वेळ, पण असलं गचाळ काम माझ्या नावावर लिहू नका!"

चोरीच्या आरोपावर गप्प बसलेला माणूस कारागिरीवरून भांडायला उठतो, तेव्हा तो खरं बोलत असतो. मी तुकडा पुन्हा पाहिला. कडेला ओळीनं चंद्रकोरीसारखे चावे होते, आणि प्रत्येक चाव्यात मधोमध एक बारीक उंचवटा. ज्या हत्याराच्या पात्याला खांडा पडलाय, त्याचीच ती खूण. शिवाय एक गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. चोराला डबी हवी असते. चिठ्ठीसकट नाणं सहज विकलं जातं, उघड्या नाण्याला शंभर प्रश्न. डबी फोडणाऱ्याला विकायचं नव्हतंच. त्याला फक्त नाणं हवं होतं.

मास्तरांना चहा सांगून मी साध्या कपड्यांत थेट शुक्रवार पेठ गाठली.

वहिनी घरी होत्या. माहेर मंगळवेढ्याचं, बोलणं तिकडचंच. मॅनेजरांनी ओळख करून दिली ती "जुने स्नेही" म्हणून. चहा झाला. वहिनी म्हणाल्या, "सुपारी देऊ का भावजी?" आणि अडकित्ता घेऊन समोर बसल्या.

कट्ट. कट्ट.

मी सुपारीचं खांड हातात घेतलं. कापलेल्या अंगावर मधोमध एक बारीक उंचवटा.

मी खांड तोंडात टाकलं (पुरावा गिळण्याचा माझ्या कारकिर्दीतला हा एकमेव प्रसंग) आणि म्हणालो, "वहिनी, घट बसलेत ना? दर्शन घेतो."

देवघरात घटाभोवतीच्या मातीत धान हिरवंगार उगवलं होतं. वर पाच माळा. पुढे विड्याच्या पानांवर कुलदेवतांचे टाक, म्हणजे देव कोरलेले चांदीचे छोटे पत्रे. पहिला खंडोबा. दुसरी भवानी. तिसरा वेताळ. आणि चौथ्या पानावर, हळदकुंकवानं माखलेली, वर शेवंतीचं फूल घेतलेली, सिंहावर बसलेली एक बाई.

"वहिनी, टाक तीन असतात की चार?"

अडकित्ता घेऊनच मागोमाग आलेल्या वहिनींनी पदर सावरला.

"मास्तर सकाळपासून आमच्या ठाण्यात बसलेत. या नाण्यापायी."

त्यांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. "आमचं मास्तर? अवो, त्यांना सोडा आधी! मीच काढली तिला. घटाच्या आदल्या दिशी कपाट पुसाय घेतलं, तर ही दिसली. सिंहावर बसलेली. आपली तुळजापूरची आईच की! पलटून बघितलं, तर मागं कुणी दाढीवाला. त्याचं मला काय? पर आईला प्लास्टिकात कोंडलेली बघून माझ्या जिवाला कसं बरं वाटंल?"

मॅनेजर खुर्चीवरून उठलेच. "तू फोडलीस? चिंचेनं घासलंस की काय?"

"देवीला कोण घासतंय? दुधापाण्यानं न्हाऊ घातलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी तिला उचलून परत डबीत घातलं असतं. घट बसल्यावर देव हालवत न्हाईत. दसऱ्याला सांगणारच होते."

मॅनेजर देवघराकडे निघाले. वहिनी आडव्या आल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. मॅनेजरांनी हात पुढे केला, हिरव्या धानाकडे पाहिलं, आणि मागे घेतला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पाच दिवस मी आरती हिचीच करतो आहे?"

"दोन्ही टायमाला," वहिनी म्हणाल्या.

मी नोंद केली: नाणे अर्जदाराच्या घरातच सुस्थितीत मिळाले, धार्मिक कारणास्तव दसऱ्यापर्यंत जागेवरून हलविता येत नाही. अर्ज निकाली. वरिष्ठांनी या वाक्याखाली प्रश्नचिन्ह काढलं, पण सही केली.

मास्तरांना मी स्वतः जीपमधून स्टँडवर सोडलं. उतरताना ते म्हणाले, "त्याला सांगा, आता माझ्या रविवारची वाट बघू नको." आणि ते बार्शीच्या एसटीत चढले.

दसऱ्याच्या दिवशी बोलावणं आलं म्हणून मी गेलो. आश्चर्य म्हणजे मास्तर तिथे होते. मॅनेजर आदल्या दिवशी एसटीनं बार्शीला जाऊन, त्यांच्या दारात तासभर उभं राहून त्यांना घेऊन आले होते. तरी मास्तर भिंतीकडे तोंड करून बसलेले. घट उठले. वहिनींनी नाणं पुसून नवऱ्यापुढे धरलं. मॅनेजरांनी ते घेतलं नाही. "मास्तरांना दे," ते म्हणाले. "सोनं त्यांनी आधी घ्यावं."

इतक्या वर्षांच्या नोकरीनं मला शिकवलं ते एवढंच. माणूस एखाद्या वस्तूची नोंद, नंबर, किंमत सगळं तोंडपाठ ठेवतो आणि वस्तूपासून मात्र हातभर लांब राहतो. मी मुद्देमालाच्या खोल्या सांभाळल्यात, मला माहीत आहे. माणसांच्या बाबतीतही आपण तेच करतो. वीस वर्षांचा मित्र एका चिठ्ठीत बसवतो: संशयित.

मास्तरांनी नाणं बराच वेळ तळहातावर फिरवलं. मग उठले, मित्राचा हात ओढला, नाणं त्यात ठेवलं आणि त्याची मूठ स्वतःच्या हातांनी मिटली.

ज्या नाण्याचं वजन या गृहस्थांना दशांशात पाठ होतं, त्याला त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा हात लावला होता. त्यांनी मूठ एकदा वर-खाली केली. डोळे मोठे झाले. आणि अर्जासारखं बोलणारे आमचे मॅनेजर बायकोकडे वळून ओरडले,

"अगं, हिला वजन हाय की!"