कॅलेंडरच्या पाठीवरची शेवटची पानं

घरात मला लहानी म्हणत. दुसरं मूल नव्हतं, तरी लहानी. माझ्या आधी एक मुलगी होती, चार वर्षांची झाली आणि तापात गेली, एवढं मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. तिचा फोटो नव्हता. खामगावच्या स्टुडिओत नेऊन एक काढून घेऊ, असा बेत दर दिवाळीला ठरे आणि दर दिवाळीला बाबा म्हणत, घरात पेंटर असताना फोटोवाल्याचं तोंड कशाला पाहायचं, मीच काढतो निवांत. तेवढ्यात ती गेली. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे आणि मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ती आवडतच नसे. जी मुलगी कधी चुकत नाही, भांडत नाही, जिला कोणी रागावू शकत नाही, तिच्याशी बरोबरी कोण करणार?

बाबांची वरवट बकालच्या स्टँडजवळ पत्र्याची टपरी होती. दुकानांच्या पाट्या, मोटारसायकलचे नंबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे मालकाच्या पोरांची नावं, असली कामं ते करत. पावसाळ्यात रंग वाळत नाही, म्हणून जोडधंदा म्हणून त्यांनी भाड्यानं कॉमिक्स द्यायला सुरुवात केली. दिल्लीला छापलेली हिंदी कॉमिक्स खामगावहून एसटीनं यायची. तारेवर कपडे वाळत घालावेत तशी ती टांगलेली असत, आणि सोनाळ्यापासून संग्रामपूरपर्यंतची पोरं बाकड्यावर खेटून बसत.

भाड्याच्या कॉमिक्सचं शेवटचं पान सगळ्यात आधी जातं. पोरं शेवट आधी पाहतात, ओढाओढ करतात, कुणी तर पुढच्याला शेवट कळू नये म्हणून मुद्दाम फाडून खिशात घालतो. पान गेलं की बाबा अंक दाभणानं शिवून घेत आणि शेवटचं पान स्वतः काढत. बियाण्याच्या दुकानातून मिळणाऱ्या मोठ्या कॅलेंडरची पाठ कोरी असे, तो कागद. पुडीतला रंग डिंकात कालवून, कारण पाट्यांचा रंग कागदाला चालत नाही. मग मैद्याची खळ, किडीनं खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, आणि पान चिकटलं. मूळ शेवट आठवला तर तो काढत, नाही आठवला तर मनानं. एकदा एका राक्षसाला त्यांनी शेवटी चक्क माफ केलं. पोरांनी आठवडाभर डोकं खाल्लं.

अशा प्रत्येक पानात, कोपऱ्यात, गर्दीत कुठंतरी, निळ्या फ्रॉकमधली एक मुलगी उभी असे. दोन वेण्या, हनुवटीवर काळा ठिपका. लढाई संपलेली असो की राजवाडा कोसळत असो, ती तिथं. गिऱ्हाईक पोरांना वाटे, ही पेंटरची सही आहे. मला वाटे, ती मी. शाळेत मी तसं सांगितलंही, आणि काही दिवस माझा भाव वधारला होता. मी वाढत गेले, वेण्यांची एक वेणी झाली, फ्रॉक जाऊन स्कर्ट आला, पण चित्रातली मुलगी तेवढीच राहिली. बाबांना मी लहान असतानाच जास्त आवडत असेन, असं वाटून मला राग यायचा.

माय दुपारी डबा घेऊन टपरीवर यायची. तिला वाचता येत नाही. तरी बाबा जेवेपर्यंत ती तारेवरचे अंक एकेक काढायची, एकदम शेवटचं पान उघडायची, बघायची आणि परत लावायची. मी चिडवायचे, "माय, तुले अक्षर येत नाही अन् शेवट पाह्यतं?"

"शेवट पाह्याले अक्षर कायले लागते?" ती म्हणायची.

मग ते वर्ष आलं. कॉमिक्सवेड्या लोकांचा एक ग्रुप आता माझ्या मोबाईलवर आहे. तिथं त्या वर्षाला सगळे नुसतं "शेवटचं वर्ष" म्हणतात. मोठ्या मालिका बंद पडल्या, छापखान्यांनी दुसरी कामं धरली, घरोघर केबल आली होती. आमच्याकडे एवढंच कळलं की एसटीतून गठ्ठा येईनासा झाला. शेवटच्या गठ्ठ्यात एका कथेचा पहिला भाग होता. नायक विहिरीत पडलेला आणि खाली लिहिलेलं, शेष अगले अंक में. तो अगला अंक छापलाच गेला नाही. पोरं रोज येऊन विचारत. शेवटी बाबांनी अख्खं एक कॅलेंडर उतरवलं, कापलं आणि दुसरा भाग स्वतः काढला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. महिना लागला. एका पानावर चित्र, उलटलं की त्याच्या पाठीवर तारखा, अमावस्या, खताची जाहिरात. ते सगळं वर्ष त्या अंकाच्या पाठीवर बसलेलं आहे. त्यानंतर बाबांनी कागदावर चित्र म्हणून काढलं नाही. नुसत्या पाट्या रंगवल्या.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी संग्रामपूरला शाळेत चित्रकला शिकवते, माय माझ्याजवळ असते. त्यांची कॉमिक्स लोखंडी पेटीत होती. दोन वर्षांपूर्वी त्या ग्रुपवर मी मोठ्या ऐटीत फोटो टाकले. तिकडचे लोक म्हणजे बारीकसारीक गोष्टीचा कीस काढणारे. एकानं लिहिलं, अंक दुर्मीळ आहेत, पण शेवटची पानं नकली, वाया गेले बिचारे. दुसऱ्यानं हसणारी तोंडं टाकली. मला वाईट वाटायला हवं होतं ते बाबांसाठी. पण मला लाज वाटली ती बाबांची. मी चित्रकलेची मास्तरीण. त्या पानांवरची सगळी नाकं एकसारखी, हात म्हणजे वांगी, आणि प्रत्येक पानावर ब्रश टपकल्यासारखा माझ्या हनुवटीवर काळा डाग. मीच तर होते ती. माझं चित्र, मी काढून टाकलं तर कुणाचं काय जातं?

ग्रुपवरच्या एका भल्या माणसानं मूळ शेवटच्या पानांच्या प्रती पाठवल्या. मी त्या रंगीत छापून आणल्या. सुट्टीत एकेक अंक घेऊन बाबांचं पान ओलं केलं, खळ सुटली की ओढून काढलं आणि नवं पान डकवलं. निघालेले तुकडे बादलीत टाकले. डिंकातला रंग तो, पाण्यात सुटला. बादली आधी निळी झाली, मग काळपट. ते पाणी मी कढीलिंबाला घातलं. मला खूप काम केल्यासारखं वाटत होतं.

माय ओट्यावर बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिला माणसं आकारावरून कळत. तिनं विचारलं, "काय करून राह्यली वो लहाने?"

"जुनी कागदं भिजवली, माय. फेकतो आता."

"फेकतं काऊन? आन इकडे."

आमच्याकडे बायका कागद फेकत नाहीत. भिजवायचा, मेथी घालून कुटायचा आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपली करायची. मायनं तो लगदा दोन दिवस आणखी भिजवला, कमी पडला म्हणून एक-दोन वर्तमानपत्रं घातली, मेथी टाकली आणि खलबत्त्यात घालून कुटला. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी हात बरोबर चालत होते. मी शाळेतल्या मुलांना दाखवायला तिचा व्हिडिओसुद्धा काढला. टोपली सुरेख झाली, राखाडी, मधेच कुठं निळसर. आम्ही तिच्यात लसूण ठेवायला लागलो.

दोन महिन्यांनी मायच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटून आठ दिवस झाले असतील, सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "ते बाबाची पेटी काढ बरं."

मी हौसेनं काढली. बघ म्हटलं, कशी नव्यासारखी केली. तिनं पहिला अंक घेतला, एकदम शेवटचं पान उघडलं आणि बघत राहिली. दुसरा घेतला. तिसरा. सातवा-आठवा अंक झाल्यावर तिचा हात जोरात चालायला लागला, पानं चुरगळली तरी तिला भान नव्हतं.

"कुठी गेली?"

"कोन?"

"कोन म्हनजे? मोठी."

मला आधी काही कळेनाच. मी म्हटलं, "माय, ती तं मी व्हतो ना?"

मायनं माझा चेहरा नीट पाहिला. "तुह्या हनुवटीवर कुठी तीळ हाय?" ती म्हणाली.

चाळीस वर्षं आरशात पाहते मी. तीळ नाही.

मग ती सांगत गेली, पेटीवर हात ठेवून. बाबांनी फोटो काढू दिला नाही, ते त्यांना फार लागलं होतं. मोठी गेल्यावर त्यांना तिचं वेगळं असं चित्र कधी काढवलं नाही. पण कुणाच्या तरी गोष्टीच्या कोपऱ्यात, गर्दीत, ती त्यांच्या हातून सहज उतरायची. म्हणून माय रोज डबा घेऊन यायची. डबा मीही नेऊ शकले असते, हे मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

पेटीत तळाला तो एक अंक होता, बाबांनी स्वतः काढलेला. त्याला मी हात लावला नव्हता, कारण त्याचं मूळ पान जगात कुठंच नव्हतं. मी घाईघाईनं शेवटचं पान उघडलं. नायक विहिरीतून वर आलेला, गावकरी जमलेले, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे वाटेवर निळा फ्रॉक, दोन वेण्या. पाठमोरी.

"हे नाही," माय म्हणाली. "त्या वर्साले त्याईले तिचा चेहरा आठवे ना. मले पुसत, हनुवटी कशी व्हती वो, डोये कसे व्हते. मले सांगता येये ना. म्या म्हनलं, जुन्या पानावरचं पाहून काढा. तं म्हने, पाहून काढलं तं ते चित्राचं चित्र होईन, तिचं नाही होत." तिनं अंक मिटला. "मंग त्याईनं पाठमोरी काढली. मले वाटलं, जाऊ दे. बाकीच्या पानावर हाय ना ते."

मी रडले, पण त्याचा काय उपयोग? त्यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी ते चित्र काढायला बसले. आठवून आठवून काढलं. एवढी वर्षं पाहिलेला चेहरा, मला यायलाच हवा होता. निळा फ्रॉक आला, वेण्या आल्या, हनुवटीवर तीळ दिला. पंधरा-वीस कागद झाले. त्यातला बरा कागद मायपुढे धरला. तिनं चष्मा लावून नीट पाहिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"ही तं तूच हायेस वो," ती म्हणाली. "तुले तीळ देला फक्त."

मी बाबांची पानं कुठं टाकली, हे तिनं अजून विचारलं नव्हतं. तिला वाटत असावं, कपाटात असतील, रद्दीत असतील. मी चार दिवस गप्प राहिले. स्वयंपाकघरात लसूण घ्यायला गेले की त्या टोपलीकडे बघवायचं नाही, आणि नजर तिथंच जायची. कुणीतरी गर्दीतून बघतंय असं वाटायचं. पाचव्या दिवशी दुपारी मी सांगून टाकलं. बादली, पाणी, लगदा, सगळं.

माय ओरडली नाही. मला ओरडा हवा होता. ती म्हणाली, "म्हनजे माह्याच हातानं कुटली म्हन."

"तुले दिसत नव्हतं, माय. चुकी माही हाय."

"हाव, तुहीच हाय," ती म्हणाली, आणि उठली.

तिनं टोपलीतला लसूण ताटात ओतला. फुंकर मारून सालं उडवली. मग ओल्या फडक्यानं पुसायला गेली आणि थांबली, फडकं बाजूला ठेवलं आणि पदरानं पुसली.

त्या टोपलीत आता आम्ही काही ठेवत नाही. ती मायच्या उशाशी असते. दुपारी जेवणं झाली, की पूर्वी ती डबा घेऊन निघायची त्या वेळेला, ती टोपली मांडीवर घेते आणि आतून बोटं फिरवत बसते. परवा मी दारातून पाहिलं, तिचं बोट एका जागी थांबलं होतं. तिथं मेथीचा दाणा असेल, न कुटलेला. मी वाकून पाहिलं नाही.